न बोलणारे व्याही आणि न फुटणारा आरसा

साखरखेर्डा,
१ डिसेंबर २०२५

शेखरच्या बापाले,

नमस्कार घातला असं समजा.

पयले एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या राखी-शेखरच्या लग्नात, भर मांडवात मी म्हनलो होतो का या मानसाशी मी जन्मात बोलनार नाही. ते मी मोडलं नाही अन् मोडनार बी नाही. बारशाले तुमी आले तवा "चहा घ्या" हे सुदा मी गोकुळ ड्रायव्हरच्या तोंडून म्हनवलं. पन लिहिनार नाही असं मी म्हनलो नव्हतो. दोनशे मानसं साक्षीले हायेत, इचारा कोनालेही. म्हनून हे पत्र.

कारन असं का आपला शिवम आता चार महिन्याचा झाला. (माहा शिवम लिहिनार होतो, पन राखी बाजूले उभी हाय.) तब्येत झकास, नाक आमच्या घरचं. पन पोट्टं पालथं पडाले तयार नाही. चिखलीच्या डॉक्टरीनबाई म्हनते, जागा असला का रोज थोडा येळ त्याले पालथं घाला, जवळ बसून राहा, त्यानं मान घट्ट होते. राखी त्याले टमी टाइम म्हनते. आमी पालथं घातलं का हा गडी सतरंजीत नाक खुपसतो अन् असा भोंगा काहाडतो का शेजारचा हिंमतराव दोनदा पाहाले आला, कोन गेलं म्हून.

डॉक्टरीनबाईनं सांगतलं, समोर आरसा ठेवा, लेकरू तोंड पाहाले मुंडकं उचलते. हे आयकून राखीची माय शालूबाई आडवी पडली. म्हने दात निंघाल्याशिवाय लेकराले आरसा दाखवत नाहीत. अन् हेच बाई महिनाभरापासून त्याले स्टीलच्या ताटात तोंड दाखवून राह्यली, मी डोळ्यानं पाह्यलं! इचारलं तं म्हने, "ताट म्हंजे आरसा नोहे."

माह्या पोरानं, गणेशनं मोबाइलवरून एक आरसा मांगवला. त्यात पाह्यलं तं लेकराले तीन नाकं अन् कपाळ गायब. दुसऱ्या रोजी त्याची चंदेरी पापडी निंघून लेकराच्या मुठीत आली. राखीनं तो फेकला. मी उचलून पेरूच्या झाडाले बांधला, पोपट उडवाले.

आता गाडीचं. डोस द्याले चिखलीले नेलं तं लव्हाळ्याच्या फाट्यापासून दवाखान्यापर्यंत रडला. त्याची लहानी शीट मांगं बांधलेली, उलट्या तोंडाची. मी पुढं गाडी चालवतो, मले त्याचं तोंड दिसत नाही, त्याले कोनाचंच दिसत नाही.

शेखरच्या हाती निरोप आला का रथसप्तमीले उष्टावन देऊळगावले कराचं. तं आयका. पोट्टं गाडीत असंच रडलं तं दीड तास त्याले रडवत मी आननार नाही. उष्टावन इथंच होईन, अन् राखी इथून सिधी शेखरकडे पुण्याले. मंग तुमी नातू फोटोत पाहा.

राखी म्हनते, माहा सासरा चाळीस वर्षं आरशे इकून राह्यला, त्यायलेच इचारा. म्हनून इचारतो. कोनता आरसा घ्याव? आरशातलं तुमाले लय समजते, हे मी लग्नातच आयकलं हाय.

पंजाबराव

•

देऊळगाव राजा,
५ डिसेंबर २०२५

श्री. पंजाबराव व्याही यांना भगवंतरावचा मनापासून नमस्कार.

पत्र मिळालं. आमच्या अन्नपूर्णेनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग शेजारच्या कलाबाईंना बोलावून तिसऱ्यांदा. तुमचं पत्र वाचताना तुमचा आवाज ऐकू येतो. मोठा आवाज आहे. बरं वाटलं.

लग्नात तुम्ही रुखवतात कपाट दिलं होतं. त्याच्या आरशासमोर उभा राहून मी चारचौघांत बोललो की "ही काच लहरी मारते, तोंड वाकडं दिसतं, हलका माल आहे." बोललो हे खरं. आरसा दिसला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. तो विषय मी काढत नाही, तुम्हीही काढू नका.

आता मुद्द्याचं. हा प्रश्न तुम्ही योग्य माणसाला विचारला. आरसा म्हणजे काच. बाकीचं सगळं चमकणारं सामान. प्लास्टिकच्या आरशाला माझ्या दुकानात चाळीस वर्षांत पायरी चढू दिलेली नाही. माझ्या नातवानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं तोंड पाहायचं ते पापडी निघणाऱ्या पत्र्यात? छे!

गोकुळ भाजीची गाडी घेऊन आला होता, त्याच्याबरोबर एक आरसा पाठवतो आहे. जाड काच, कडा हातानं घासलेल्या, सागवानी चौकट. दोन फूट बाय दीड. पेंढ्यात गुंडाळून पोत्यात शिवला आहे. उतरवताना दोन माणसं लावा.

उष्टावणाची तयारी आम्ही सुरू केली आहे. बाळ पोटभर सहा-सात दिवस आमच्याकडे राहील, मग शेखर पुण्याहून येऊन दोघांना घेऊन जाईल. एवढंच आमच्या वाट्याला आहे, तेवढं मोडू नका.

आणि नाकाचं म्हणाल तर बारशाला मी जवळून पाहिलं होतं. ते आमचं आहे.

आपला,
भगवंतराव

•

साखरखेर्डा,
१० डिसेंबर २०२५

काचवाल्याले,

आरसा पोचला. दोन नाही, तीन मानसं लागली.

अवो, तुमाले लेकरासाठी आरसा मांगितला का सलूनासाठी? राखीनं पाह्यला अन् कपाळाले हात लावला. डॉक्टरीनबाईले फोन केला तं ते म्हने काच लेकराजवळ बिलकुल नको. तो हात आपटतो, पाय आपटतो, उद्या सरकाले लागन. अन् गाडीत करकचून ब्रेक लागला तं? तुमचा हा सागवानी डोंगर कोनाच्या डोक्यात पडन याचा इचार केला का?

मंग ओसरीत टांगला. आता सकाळी अर्धी गल्ली आमच्या ओसरीत भांग पाडाले येते. हिंमतराव दाढीचं सामान घेऊनच येतो. आरसा चांगला हाय, खोटं कायले बोलू. पन ज्याच्यासाठी मांगवला थो अजून सतरंजीत नाक खुपसून भोंगा काहाडूनच राह्यला.

राखीनं सांगतलं थे लिहून देतो. फुटाले नको. कोपरे टोकदार नको. मनी, टिकल्या, निंघनारं काहीच नको. तोंडात घालनारच हाय, म्हून धुता आला पाह्यजे. तोंड सरळ दिसलं पाह्यजे, एका नाकाचं.

असा आरसा तुमच्याकडे नसन तं सिधं सांगा. मी गणेशले सांगतो.

पंजाबराव

•

देऊळगाव राजा,
१७ डिसेंबर २०२५

पंजाबराव व्याही,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दुकानातल्या काचाच पुसत बसलो. तिसऱ्या दिवशी अन्नपूर्णा म्हणाली, "तुम्हाला काच मोठी की नातू?" मी जेवणावरून उठलो आणि जालन्याची गाडी पकडली.

जालन्याहून अक्रिलिकचा तुकडा आणला. होय, प्लास्टिकच. दुकानात आणताना पिशवीत झाकून आणला.

मात्र पारख केल्याशिवाय पाठवणाऱ्यातला मी नाही. काउंटरवरून अकरा वेळा खाली पाडला. उभा पाडला, आडवा पाडला, शेवटी वर उभा राहिलो. तेवढ्यात नारायणराव मास्तर फोटोला चौकट करायला आले. मी आरसे जमिनीवर आपटतोय हे पाहून ते फोटो काखेत मारून तसेच परत गेले. संध्याकाळपर्यंत गावात झालं, भगवंतरावच्या डोक्यावर परिणाम झाला. मग कडा घासून गोल केल्या, साबणानं धुतला, आणि बाळ चाटणार म्हणून आधी मीच चाटून पाहिला. नेमकी अन्नपूर्णा चहा घेऊन आली. तिनं चहा ठेवला आणि निघून गेली.

काही झालं नाही आरशाला. तडा नाही, पापडी नाही, तोंड सरळ. मला थोडं वाईटच वाटलं.

चौकट अन्नपूर्णेनं शिवली आहे, तिच्या जुन्या सुती लुगड्याची, चारी बाजूंनी गादीसारखी जाड. तिला घुंगरू लावायचे होते, मी लावू दिले नाहीत. ओरखडे लवकर पडतात, म्हणून ओल्या मऊ फडक्यानंच पुसा. आरसा बाळापासून वीतभर लांब ठेवा आणि कुणीतरी जवळ बसा. माझ्या वतीनेही बसा.

भगवंतराव

•

साखरखेर्डा,
२३ डिसेंबर २०२५

इवाई,

(राखी म्हने व्याह्याले इवाई म्हना, म्हून लिहिलं.)

तीन दिवसापयले दुपारी शिवमले सतरंजीवर पालथं घातलं. आरसा समोर. यानं पयले नाक खुपसलं. मंग भोंगा काहाडाले तोंड वर केलं, तं समोर दुसरं पोट्टं तोंड उघडून तयार! हा चूप. थेही चूप. हा पाहून राह्यला, थे पाहून राह्यलं. मंग यानं मान अशी वर धरली, अशी, जसा सरपंच सभेत पाहतो. मी घड्याळ लावलं. पुरे दोन मिनिटं! मंग सरकून सरकून त्या पोट्ट्याले चाटलं. सांगतो तुमाले, माह्या डोळ्यातून पानी आलं.

राखीची माय आधी पाठ करून बसली होती. मंग हळूच वळली, चौकट चाचपून पाह्यली अन् म्हने, "हा कुठचा आरसा, हे तं दुपटं हाय." आता रोज तेच घेऊन बसते. ताट घासून फळीवर ठेवलं.

म्हनून लगेच दुसऱ्या रोजी मी तोच आरसा गाडीत सुतळीनं खिडकीले बांधला. वळन घेतलं अन् सूर्य सिधा माह्या डोळ्यात. काहीच दिसेना. गाडी हळू होती म्हून वाचलो, नाही तं हिंमतरावच्या कडब्याच्या गंजीत घुसली अस्ती. दुसऱ्या बाजूनं बांधला तं लेकराच्या पायाचा एक आंगठा दिसे. आंगठा पाहत पाहत शेंदुर्जनपर्यंत गेलो अन् आलो. अख्ख्या रस्त्यानं रडला.

म्हंजे पालथ्याचं काम झालं, गाडीचं राह्यलं. गाडीसाठी येगळा पाह्यजे. रथसप्तमीले महिना हाय.

पेरूवरचा आरसा काहाडून टाकला. पोपट भेत नाहीत. पेरू खातेत, मंग आरशात तोंड पाहतेत, मंग आनखी दोस्तायले बलावतेत.

पंजाबराव

•

देऊळगाव राजा,
३० डिसेंबर २०२५

पंजाबराव व्याही,

दोन मिनिटं! मी ते पत्र दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचलं. नारायणराव मास्तर आले होते, त्यांनाही ऐकवलं. आता ते फ्रेम करायला तयार झाले.

गाडीसाठी वेगळा आरसा पाठवतो आहे, न फुटणारा आणि मधून थोडा फुगीर. सुतळी अजिबात वापरायची नाही. मागच्या सीटवर डोकं टेकायची उशी असते, तिला हा बांधायचा, बाळाच्या तोंडासमोर. पाठीमागून दोन पट्टे दिलेत, उभा आणि आडवा, ते ओढून घट्ट करा. धरून हलवून पाहा, आरसा हलता कामा नये. मग तुमच्या पुढच्या आरशात पाहिलंत की हा दिसेल आणि ह्यात बाळ दिसेल. थोडा खाली झुकवा, म्हणजे ऊन डोळ्यांवर येणार नाही. आणि तुम्ही रस्त्याकडे पाहा. बाळाकडे फक्त डोळ्याच्या पापणीएवढा वेळ. गाडी चालवताना कौतुक करायचं नाही.

अन्नपूर्णेनं चांदीची वाटी घासून ठेवली आहे. उष्टावणानंतर बाळाला बालाजीच्या पायावर घालायचं तिच्या मनात आहे. गणेशला सांगा, मामानं भरवायचं असतं, त्यानं यायलाच पाहिजे.

भगवंतराव

•

साखरखेर्डा,
४ जानेवारी २०२६

शेखरच्या बापाले,

इवाई लिहिनार नाही आता.

तुमचा आरसा लावला, सांगतला तसाच. दोन पट्टे, खाली झुकता. गाडी सुरू केली, मांगं पाह्यलं अन् गाडी बंदच केली. आपलं गुटगुटीत पोट्टं, अन् आरशात येवढंसं! हाताच्या काड्या. तोंड सुपारीयेवढं. राखीच्या मायले दाखवलं, तिनं मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काहाडली. उतरली नाही. आरशात पाह्यलं तं वाळलेलंच. तसाच गाडी घेऊन चिखलीले गेलो वजन कराले. डॉक्टरीनबाईनं काट्यावर ठेवलं. सात किलो! ते म्हने, काका, लेकरू फसक्लास हाय, तुमाले काय झालं?

म्हंजे लेकरू बरोबर, आरसा खोटा.

आता मले समजलं तुमचं डोकं. असा आरसा लावून लेकरू देऊळगावले आनाचं, म्हंजे गावानं पाहाव का पंजाबरावनं पाच महिने नातवाले उपाशी ठेवलं. आजोळी आबाळ झाली. नाही का? लग्नात दोनशे मानसायपुढं माहा आरसा हलका म्हनले. सहा महिने वांग्याचे पैशे बाजूले ठेवून घेतलं होतं मी ते कपाट. मले काच समजत नाही, पन लेकीले द्याचं तं आरशाचं द्याव येवढं समजत होतं. अन् आता तुमच्या घरून हा खोटा आरसा येते.

बस झालं. उष्टावन इथंच होईन. राखी इथूनच पुण्याले जाईन. आरसा गोकुळच्या गाडीत वापस पाठवून राह्यलो.

पंजाबराव

•

देऊळगाव राजा,
८ जानेवारी २०२६

पंजाबराव,

फुगीर आरसा लहान दाखवतो. ट्रकच्या बाजूच्या आरशात मागची गाडी लहान दिसते, तसंच. लहान दाखवतो म्हणूनच त्यात अख्खं बाळ मावतं, नाहीतर पुन्हा अंगठाच दिसला असता. हे मी लिहायला विसरलो. आरशातच आयुष्य गेलं, मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं. चूक माझी.

पण आज दुसरीच चूक लिहायची आहे. ती तीन वर्षं आठ महिने जुनी आहे.

तुमचं कपाट लग्नानंतर आमच्या घरी आलं. तो आरसा माझ्या डोळ्यांत खुपत होता. आठव्या दिवशी ठरवलं, गुपचूप चांगली काच बसवून टाकू. मागचे खिळे काढले, आरसा उलटा केला. पाठीवर शिक्का होता. "अनुपमा ग्लास भांडार, देऊळगाव राजा."

माझं दुकान. माझ्या लेकीच्या नावाचं. ज्या सुतारानं तुमचं कपाट केलं, त्याला तो लहरीचा माल मीच विकला होता. "घेऊन जा, गिऱ्हाइकाला कुठं कळतं" हेही मीच म्हणालो होतो. म्हणजे मांडवात उभा राहून मी माझ्याच मालाला नावं ठेवली, आणि मान खाली गेली तुमची. वांग्यांच्या पैशांचं मला काल कळलं. मला जेवण गेलं नाही.

त्याच दिवशी तुमच्याकडे यायला हवं होतं. आलो नाही. चाळीस वर्षांच्या दुकानदाराला लाज वाटली. हे अन्नपूर्णेशिवाय कुणाला माहीत नाही. तिनं मला शिक्षा दिली आहे, तो आरसा न्हाणीत लावला आहे आणि रोज मी त्यातच दाढी करतो. तीन ठिकाणी कापतं.

हा कागद तुम्ही गावात वाचून दाखवा. दोनशे माणसं पुन्हा बोलवा, मी येऊन त्यांच्यापुढं बोलतो.

पण नातवाला आणा. आयुष्यभर मी लोकांच्या माणसांच्या फोटोंना चौकटी केल्या, कुणाची आई, कुणाचा मुलगा. घरात जिवंत नातू असताना त्याची चौकट भिंतीला लावून बसणं माझ्याच्यानं होणार नाही.

भगवंतराव

•

साखरखेर्डा,
१४ जानेवारी २०२६, संक्रांत

इवाई,

पत्र भेटलं. तीन दिवस लय राग आला. चौथ्या दिवशी हिंमतराव आमच्या ओसरीत दाढी करताना पाह्यला, अन् तुमी न्हानीत त्या लहरी आरशापुढं उभे हे डोळ्यापुढं आलं. इतका हासलो का राखीची माय चुलीवरची भाकर सोडून पळत आली. करपली.

गावात वाचून दाखवनार नाही. राखीलेही दाखवलं नाही. सासऱ्याची इज्जत राह्यली पाह्यजे.

आरसा वापस घेऊन तुमीच या, २४ तारखेले, सकाळी. तुमीच बांधा. उष्टावनाले देऊळगावले निंघू, तुमी मांगं लेकराजवळ बसा. गोकुळच्या हाती तिळगूळ पाठवतो.

घ्या. पुढचं म्हनत नाही, ते तुमाले माहीत हाय. मी बोलनार नाही म्हंजे नाही.

पंजाबराव

•

देऊळगाव राजा,
२८ जानेवारी २०२६

पंजाबराव व्याही,

तुम्ही नाकारणार हे मला माहीत आहे, म्हणून घडलं तसं क्रमानं लिहून ठेवतो. पंचनामा समजा.

शनिवारी सकाळी मी साखरखेर्ड्याला पोचलो. आरसा बांधला. तुम्ही बाजूला उभे राहून पट्टे ओढून पाहिले आणि गोकुळला म्हणालात, "त्यायले सांग, घट्ट हाय." मी हातभर अंतरावर उभा होतो.

गाडी निघाली. तुम्ही पुढे, शेजारी शालूबाई. मागे राखी, मध्ये बाळ, पलीकडे मी. शेंदुर्जनपर्यंत बाळ आरशात पाहून स्वतःशीच गप्पा मारत होतं. सिंदखेड राजाच्या अलीकडे त्याचा ओठ मुडपला. राखीनं थोपटलं, शालूबाईंनी गाणं म्हटलं. काही उपयोग होईना. तुम्ही गाडी हळू केलीत. मला वाटलं, आता वळवतात.

तेव्हा मी तोंड बाळाच्या तोंडाजवळ नेलं, दोघंही आरशात दिसू असं, आणि कवळी काढली. माझं बिनदातांचं तोंड आणि त्याचं बिनदातांचं तोंड. मी जबडा हलवला. ते बघत राहिलं. आणि मग हसलं, पंजाबराव! पोटातून, खदखदून. मी कवळी आत घालायचो, ते थांबायचं. काढायचो, ते हसायचं.

आणि पुढून आवाज आला. मोठा आवाज आहे तुमचा. "इवाई, लेकराचं नाक तुमचंच हाय हो!"

राखीनं तोंडाला पदर लावला. मला उत्तर द्यायचं होतं, पण दात हातात होते. मग तुम्हीच म्हणालात, "दात घाला तोंडात, समोरून यस्टी येऊन राह्यली, लोक काय म्हनतीन."

ही दोन वाक्यं. साक्षीदार तीन, बाळ धरून चार. दुसऱ्या दिवशी उष्टावणाला तुम्ही पुन्हा गोकुळच्या तोंडून खीर मागितलीत, ते वेगळं. पण बोललात हे बोललात.

शेखर परवा येतो आणि दोघांना घेऊन जातो. घर आत्तापासूनच मोठं वाटायला लागलं आहे.

भगवंतराव

•

साखरखेर्डा,
२ फेब्रुवारी २०२६

इवाई,

पंचनामा खोटा हाय.

मी तुमच्याशी बोललो नाही. मी आरशाशी बोललो. मान वळवली का मी? नाही. रस्ता सोडून आरशात पाह्यलं, त्यात एक बिनदाताचं मानूस दिसलं, त्याले बोललो. थे तुमीच होते हे कोनं ठरवलं? फुगीर आरशात मानूस लहान दिसते, हे तुमीच लिहून देलं हाय, मंग येवढ्याशा मानसाले मी कसा वळखू? कागद जपून ठेवला मी.

पन नाकाचं खरं हाय. घरी येऊन ओसरीतल्या तुमच्या आरशात मी माहं नाक नीट पाह्यलं. या बाजूनं, त्या बाजूनं. हिंमतरावलेही इचारलं. नाही जमत.

राखी काल पुण्याले पोचली. दोन्ही आरशे घेऊन गेली, बरं केलं. इथं सतरंजी तशीच हातरलेली हाय. राखीची माय ताट पुसते, त्यात पाहते, ठेवते. भोंगा नाही तं हिंमतरावलेही करमत नाही. मले तं घरात पाय ठेवू वाटत नाही.

राखी म्हनते रोज राती सगळे मिळून व्हिडिओवर बोलू, दोन्ही घरं एका बारीले. पन त्यात तुमी बी दिसान. तुमी दिसले का बोला लागन. मंग मी कसा येऊ?

पंजाबराव

•

देऊळगाव राजा,
६ फेब्रुवारी २०२६

पंजाबराव व्याही,

तुमचं पत्र वाचलं आणि दुकानातलं भिंग काढलं.

अन्नपूर्णेचा मोबाइल उलटापालटा करून, नखानं वाजवून, उजेडात धरून तपासला. समोरची बाजू काच आहे. चाळीस वर्षांच्या अनुभवावरून लिहून देतो, अस्सल काच, लहर नाही. बंद केला की त्यात तोंडही दिसतं. म्हणजे धंद्याच्या भाषेत तो आरसाच.

तेव्हा तुमच्या शब्दाला कुठंही धक्का नाही. तुम्ही मान वळवायची नाही, माझं नाव घ्यायचं नाही. तुम्ही काचेशी बोला, मीही काचेशी बोलतो. मध्ये शिवम असेल.

मंगळवारी रात्री आठला राखी फोन लावते. कवळी काढून तयार बसतो.

भगवंतराव

•

साखरखेर्डा,
९ फेब्रुवारी २०२६

भगवंतराव इवाई,

आठले मी वावरातून येत असतो. साडेआठले लावा. काच पुसून ठेवली.

पंजाबराव